सुनेसाठी वाफवलेलं डुकराचं मटण

लेक वारला आणि बुलढाण्याजवळच्या धाड गावातल्या या घरात आम्ही दोघीच उरलो, मी अन् माझी सून. सून पार ईशान्येकडच्या डोंगरातली. पुण्याच्या एका दवाखान्यात ती अन् लेक दोघं कामाला होते, तिथंच जुळलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा शब्द येत नव्हता. मग बघता बघता माझ्यापेक्षा पक्की वऱ्हाडी बोलायला लागली. त्याच बोलीत ती एक दिवस म्हणाली, "आई, आता मले घरी जा लागते."

घरी. मग इतके दिवस ती कुठं होती? पण विचारून काय उपयोग. येत्या रविवारची नांदुरा स्टेशनावरून आगगाडी होती.

जेवण तर तिचं सुटलंच होतं. अर्धी पोळी मोडायची, पाणी प्यायची, उठायची. आता मला दुसरं येतं काय, सांगा! स्वयंपाक येतो. म्हटलं तिच्या आईच्या हातचं करून घालावं, पोट भरलं तर मन वळेल.

लेक सांगायचा, तिच्या माहेरी डुकराचं चरबीदार मटण आणि अरबीच्या चकत्या एकावर एक रचतात, आलं-मिरची घालतात, केळीच्या पानात बांधून अर्धा दिवस वाफवतात. अरबी म्हणजे आपल्या धोप्याच्या, अळूच्या, पानांखालचे कंद. ते परसात होते. डुकराच्या मटणाला मी जन्मात हात लावला नव्हता. बुलढाण्याला एसटीने जाऊन आणलं, पिशवीत पिशवी घालून, वर कोथिंबिरीची जुडी.

वाफवायचं मोठं भांडं मी नेहमी शेजारच्या मुसलमान खालाकडून आणते. आज डुकराच्या मटणासाठी ते कशी मागणार? तर मी परसात केळीची पानं धुताना भिंतीवरून तीच बोलली, "काऊन वं, आज भांडं नाही लागत?"

"आज नाही लागत, खाला."

"समझ गयी मैं, तुह्या सुनेच्या माहेरचं शिजते. मागतलं असतं तरी नसतं दिलं, बुरा नको मानू." मग आवाज खाली करून म्हणाली, "पण पोरीले थांबवून घे, बाई. तिच्याशिवाय तुह्या घरात बोलते कोण?"

मी घरच्या पितळी गुंडात पाणी ठेवलं, वर चाळणी, चाळणीत केळीच्या पानांची पुडकी, झाकणाला कणीक लावली. वाफ कोंडली. वास वेगळाच येत होता, जड, पण वाईट नाही. मला तर उगाच आनंद झाला. दोन ताटं घेतली.

तिने पान सोडलं आणि थांबली. वाकून वास घेतला. पहिला घास तोंडात गेला तेव्हा मी तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"आई, चिंच टाकली का यात?"

टाकली होती ना! चकत्या चिंचेच्या पाण्यात मुरवल्या होत्या. धोप्याला चिंच नाही लावली तर घसा खाजवतो, आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. माझा हात विचारायला थांबलाच नाही.

"तुमच्याकडं नाही टाकत?"

"नाही. आमची अरबी नाही खाजवत. पण चांगलं झालं, आई." आणि तिने सगळं खाल्लं. घास घास, पाहुण्याच्या घरी खातात तसं. पान पुसून खाल्लं.

मी म्हटलं, "पुढच्या वेळी नाही टाकत चिंच."

ती उठली. माझं ताट उचलायला लागली, मी हात धरला. "पोरी, राहा ना वं."

"कोणासाठी राहू, आई?" तिने रागाने नाही विचारलं. खरंच विचारलं. मी तिच्यासमोर बसले होते, आणि मला 'माझ्यासाठी' म्हणता आलं नाही. तिची आईही तिकडं वाट बघत होती ना.

रविवारी नांदुऱ्याला मीच पोचवायला गेले. गाडीत बसताना तिने माझ्या पायाला हात लावला, लेकाने शिकवलं होतं तसा. परतताना बुलढाण्याहून धाडची जीप भरल्याशिवाय निघत नव्हती. ड्रायव्हर ओरडला, "मावशी, सरका तिकडं, अजून एक बसते." मी सरकले. एक बाई बसली, मांडीवर लेकरू. तिनं विचारलं, "कोणाकडं गेलत्या?"

"सुनेले सोडायले," मी म्हटलं.

"माहेरी गेली का? कधी येते मंग?"

मी खिडकीकडं तोंड केलं.