एक माणूस पुरे

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी खोली रंगवली, थंड हवेचं यंत्र बसवलं, दारात चपला काढायची पाटी लावली, नारळ फोडला. एवढं सगळं झाल्यावर बैठकीत कुणीतरी विचारलं की आता हे सांभाळायला माणसं किती लागतील, आणि मी समोरच्या कागदांत डोकं घातलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बेळगावातला आमचा दवाखाना ट्रस्टचा, आणि मी तिथला व्यवस्थापक. रोग्यांची सगळी माहिती आणि रक्त देणाऱ्यांची यादी त्या यंत्रात जाणार होती. आतल्या खोलीत मोठं यंत्र, बाहेर तीन टेबलांवर तीन पडदे. पडदा बंद पडला तर चालेल, पण आतलं यंत्र बंद पडलं की सगळा दवाखाना आंधळा. कंपनीचा तरुण इंजिनिअर परोपरीनं समजावत होता. यंत्र उघडायचा शब्द कुणाकडे राहणार, रोजच्या माहितीची नक्कल फितीवर कोण उतरवून घेणार, मध्येच बिघडलं तर कोण बघणार. आमच्या समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, यंत्र एवढं हुशार आहे, तर माणसं कशाला? एक माणूस पुरे."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण ते वाक्य माझं होतं. आठनऊ वर्षांपूर्वी मी ते माझ्या हातानं लिहिलं होतं.

त्या काळी आमचा कॉम्प्युटर म्हणजे आप्पा. खानापूरकडच्या शेतकरी घरातला माणूस, चौथीपर्यंत शिकलेला, पण अक्षर असं की डॉक्टरांनी लाजावं. रक्त देणाऱ्यांच्या कार्डांचं लाकडी कपाट त्यांच्या ताब्यात होतं. रक्त साठवून ठेवायची आमची ऐपत नव्हती. गरज पडली की देणाऱ्यालाच बोलवायचं, हीच रीत. आणि बोलवायचं कसं? कुणाच्या घरी फोन नव्हता. आप्पांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला होता. कपाटाच्या कप्प्यांवर त्यांनी अक्षरं किंवा रक्ताचे गट लिहिलेच नव्हते, तर एस.टी.चे मार्ग लिहिले होते. कडोलीची गाडी, सांबऱ्याची गाडी, निपाणीची गाडी. माणूस हवा असला की आप्पा त्या मार्गाच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायचे आणि परतीच्या गाडीनं माणूस हजर. दवाखान्यातले सगळे या पद्धतीची थट्टा करायचे. मीही करायचो. पण चिठ्ठी गेली आणि माणूस आला नाही असं घडल्याचं मला आठवत नाही.

एकदा आप्पांनी अर्ज दिला. मी एकटा आहे, हाताखाली आणखी एक माणूस द्यावा, त्याला शिकवून तयार करतो. मी अर्ज वाचला आणि वैतागलो. आप्पांना अर्धा दिवस तरी काम असतं का, असं माझं गणित. तेव्हा मी नवा होतो, आणि काटकसरीचा माणूस म्हणून समितीत नाव कमवायचं होतं. अर्जावर शेरा मारला, "या कामास एक माणूस पुरे आहे," आणि कागद फायलीला लावायच्या गठ्ठ्यात सारला. तो समितीपुढे गेलाच नाही. आप्पांना मात्र सांगितलं, "काय करणार आप्पा, समितीनं नको म्हटलं." हे खोटं मी इतक्या सहज बोललो की त्या दिवशी मला भूक नेहमीसारखीच लागली.

त्यानंतर काही महिन्यांनी आप्पांनी चार दिवसांची रजा मागितली. मुलीला बघायला पाहुणे येणार होते. कित्येक वर्षांतली ही त्यांची पहिली रजा. मी सही केली आणि म्हणालो, "बिनघोर जावा आप्पा, कपाट काय पळून जातंय का?"

रजेच्या तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई बाळंत झाली. पहिलटकरीण. सासर निपाणीचं, तिथं ती तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि माहेर आमच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. मुलगी झाली, पोर ठणठणीत होती, पण आईचं रक्त थांबेना. गट ओ निगेटिव्ह. डॉक्टर बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यात विचारलं, तिथं नाही. तुमच्या कपाटात बघा."

आम्ही तिघं कपाटावर तुटून पडलो. मी, एक नर्स आणि दारावरचा शिपाई. मार्गामार्गांनी लावलेली कार्डं, गट शोधायचा तर एकेक कार्ड उपसण्यावाचून इलाज नाही. आप्पांच्या डोक्यात सगळं होतं, त्यामुळे त्यांना कधी उपसावं लागलं नव्हतं. बाईचा भाऊ माझ्या खांद्याशी उभा होता. कामावरून सायकलनं आला होता, एका पायाला पॅंटचा चाप तसाच. त्याचा स्वतःचा गट जुळत नव्हता. तो काही गडबड करत नव्हता. मधूनच हळू आवाजात एवढंच विचारायचा, "अण्णा, गावंल न्हवं माणूस?"

"गावंल," मी म्हणायचो.

पहिलं कार्ड सापडलं, तो माणूस गाव सोडून गेलेला. दुसऱ्यानं पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलं होतं. तिसरं सांबऱ्याच्या कप्प्यात मिळालं तेव्हा तास उलटून गेला होता. मी जीप सांबऱ्याला पिटाळली. जीप गेली, पत्ता मिळाला, आणि त्या घरातला माणूस म्हणाला, "त्यो माझा मेव्हणा. हितं कुठं ऱ्हातोय? वडगावात हाय की, मागावर."

वडगाव म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्या दवाखान्यातून सायकलनं वीस मिनिटं.

नंतर सगळा उलगडा झाला. तो विणकर रक्त द्यायचा, पण त्याच्या आईला ते खपायचं नाही. रक्त दिलेल्या दिवशी माग बंद राहतो म्हणून ती घर डोक्यावर घ्यायची. त्यामुळे त्यानं आप्पांना सांगून ठेवलं होतं की घरी कुणी यायचं नाही, निरोप सांबऱ्याच्या मेव्हण्याकडे द्यायचा. आप्पांच्या कार्डावर माणूस राहतो कुठं हे नसायचं, निरोप द्यायचा कुठं हे असायचं. आणि घाईची वेळ आली की आप्पा स्वतः सायकल काढून वडगावच्या सुताच्या दुकानात जायचे आणि तिथून त्याला खुणेनं बोलावून घ्यायचे. हे कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नव्हतं.

जीप विणकराला घेऊन आली. आईसमोरून उठून तो धावत निघाला होता, हातांना खळ तशीच लागलेली. दवाखान्याच्या पायऱ्या चढता चढताच त्यानं बाही दंडापर्यंत वर सारली. ती बाई जाऊन पंधरावीस मिनिटं झाली होती. त्याला हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. तो बाकावर हात पुढे धरून बसून राहिला. शेवटी तिचा भाऊच त्याच्यापाशी गेला आणि त्याची बाही खाली करून त्यानं बटण लावलं.

तो हात मला अजून दिसतो. जेवताना दिसतो, सही करताना दिसतो. निपाणीच्या स्टँडवर गाडी थांबली की मी खिडकीतून त्या बाईच्या पोरीच्या वयाच्या मुली बघत बसतो. आधी तान्ह्या बघायचो, मग चालणाऱ्या, मग दप्तर पाठीला लावलेल्या. यातली कुठली असेल, आणि तिला कुणी काय सांगितलं असेल? कुठल्याही कचेरीत गेलो की मी विचारतो, हा माणूस उद्या आला नाही तर हे काम कोण करेल? लोक मला विक्षिप्त समजतात.

आप्पा रजेहून परतले आणि सगळं ऐकून कपाटासमोर उभे राहिले. "मी असतो तर पाऊण तासात आणलो असतो," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. आप्पा, तुम्ही माणूस मागितला होता, मीच दिला नाही. एवढी दोन वाक्यं. पण मी माझ्या खोलीत निघून गेलो. आज बोलू, उद्या बोलू करत वर्षं गेली. मी भित्रा आहे, दुसरं काय.

त्यानंतर आप्पांनी एकही रजा घेतली नाही. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न झालं. सकाळी गेले, अक्षता टाकल्या आणि दुपारी परत येऊन कपाटापाशी बसले. केसांत अक्षता तशाच होत्या. मी त्यांना घरी जा म्हणालो. ते म्हणाले, "नगं साहेब. कुणाला तरी लागंल."

तर त्या बैठकीत हे आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि कार्डं यंत्रात भरायची म्हणून त्यांनाही बोलावलं होतं. अध्यक्षांनी आदरानं विचारलं, "आप्पा, तुम्ही इतकी वर्षं हे सांभाळलंत. तुम्हीच सांगा, किती माणसं लागतील?"

आप्पा उभे राहिले. "एक पुरतोय की. मी एकटाच हुतो न्हवं? फकस्त त्यानं रजा घ्यायची न्हाई."

लोक पुन्हा हसले. मी उठलो. म्हणालो, तीन माणसं लागतील. काम एकाचंच आहे, मान्य. पण एक रजेवर असेल, एक तापानं पडेल, तेव्हा तिसरा जागेवर पाहिजे, आणि पहिल्याला जे ठाऊक ते तिसऱ्यालाही ठाऊक पाहिजे. मग म्हणालो, "आणि ती निपाणीची बाई आप्पांच्या रजेमुळं गेली नाही. आप्पांनी दुसरा माणूस मागितला होता. तो अर्ज समितीपर्यंत आलाच नाही. मीच अडवला."

अध्यक्षांनी चर्चा पुन्हा आकड्यावर आणली, आणि घासाघीस होऊन दोन माणसं मंजूर झाली. तिसऱ्यासाठी मी नंतर भांडलो, तोही मिळाला, पण वर्षानं.

बैठक संपल्यावर आप्पा व्हरांड्यात थांबले होते. मी जवळ गेलो. म्हणालो, "आप्पा, मी तुमच्याशी खोटं बोललो."

"ठावं हाय मला," आप्पा म्हणाले. "त्यो अर्ज फायलीला लावाय माझ्याकडंच आलता. तुमचा शेरा तवाच वाचलतो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

आप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मी बोलून काय उपेग, साहेब? मला त ठावंच हुतं. तुमी बोलशीला म्हणून थांबलतो. तवाच बोलला असता, तर दुसरा माणूस मिळाला असता, आन् मी पोरीच्या लग्नात चार दीस ऱ्हायलो असतो."