पाच बाजारांचं सोंग

तांदळे सर कोणतीही वस्तू टाकून देण्याआधी तिच्याकडे नीट बघत. दाढीचं पातं असो, साबणाचा कागद असो, की संपलेली रिफिल. ती बोटांत धरून उजेडाकडे न्यायची, उलटीपालटी करायची आणि मग डब्यात सोडायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, यांचं काही हरवलंय.

"काय शोधता सर?"

"शोधत न्हाई. कुठून आली अन् कुठं चालली ते बघून राहिलो."

मी हसलो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं.

हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती तेव्हाची ही गोष्ट. जवळा बाजारच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी विज्ञान. ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. त्यांची बायको आणि मुलगी डोंगरकड्याला, माझं लग्न झालेलं नव्हतं. म्हणून एका कापूस व्यापाऱ्याच्या गोदामाला लागून असलेली खोली आम्ही दोघांनी मिळून घेतली. दोन खाटा, एक स्टोव्ह, एक खिडकी. त्या खोलीत आम्ही तीन वर्षं राहिलो.

सरांचे वडील बहुरूपी होते. गावोगाव सोंगं घेऊन फिरायचे. कधी जमादार, कधी वनखात्याचे साहेब, कधी वेडसर सासूबाई. सर वडिलांबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज थोडा ताठ व्हायचा. "बाप महिनाभर गाव फसवायचा, पण शेवटच्या दिवशी सोंग उतरवून, तोंड धुऊन दारोदार जायचा. 'तो जमादार मीच होतो माय,' म्हणून सांगायचा. न सांगता गेलं की ती लबाडी झाली. सांगितलं तर कला."

औरंगाबादला चित्रकलेचं शिक्षण घेताना त्यांनी ऐकलं होतं की परदेशात काही चित्रकार कागदावर चित्र काढण्याऐवजी स्वतःच चित्र होऊन लोकांत उभे राहतात. "आमच्या बापानं जन्मभर हेच केलं," ते म्हणत, "त्याला कुणी चित्रकार म्हटलं न्हाई. भाकरी वाढली, एवढंच."

एकदा त्यांनी सातवीच्या वर्गाला सांगितलं, घरातला कचरा आणा, त्याचं वस्तुचित्र काढू. दुसऱ्या दिवशी एकाही मुलानं काही आणलं नाही. आमच्या घरी कचरा नसतो, असं सगळी म्हणाली. सरांनी आठवीला विचारलं, नववीला विचारलं. कुणाच्याच घरी नव्हता. शाळेमागचा नाला मात्र प्लास्टिकनं इतका भरला होता की पाणी शाळेच्या मैदानात उलटं यायचं.

संध्याकाळी स्टोव्हला पिन मारता मारता ते म्हणाले, "पाचशे लेकरांच्या घरात केर न्हाई. मंग नाला कुणाचा हाय, कदम सर?"

"सगळ्यांचा," मी म्हणालो.

"सगळ्यांचा म्हंजी कुणाचाच न्हाई. आधी माझा किती ते बघतो."

त्यांनी खताचं एक रिकामं पोतं धुऊन वाळवलं, बाह्यांसाठी भोकं पाडली आणि गळ्याला सुतळी ओवली. पाच बाजार हा अंगरखा अंगावर ठेवायचा, म्हणजे आठवडी बाजाराच्या हिशेबानं एक महिना. या महिन्यात खोलीतून जे जे टाकायचं, ते डब्यात न टाकता दाभणानं अंगरख्यावर शिवायचं आणि तसंच शाळेत जायचं, बाजारात फिरायचं.

"माझं वेगळं ठेवा बरं का," मी म्हणालो.

"खोली एक, डबा एक. मी काय तुमचा अन् माझा केर निवडत बसू?"

पहिल्या बाजारी अंगरख्यावर चहापुडीचा कागद होता, टूथपेस्टची चपटी नळी होती, माझ्या पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट होतं, शांपूच्या चार पुड्या आणि बिस्किटांचे कागद होते. लोकांना वाटलं, मास्तरांनी बापाचा धंदा पुन्हा सुरू केला. वांगी विकणाऱ्या एका बाईनं ओंजळभर ज्वारी पुढे केली.

"नको माय. दाणे नको."

"मंग काय पायजे?"

"तुमच्या घरचा केर कुठं जातो, तेवढं सांगा."

बाई शेजारणीकडे बघून म्हणाली, "बघ गं, ज्वारी नको म्हंते. आता घरात डोकावून राहिला."

समोरच्या चहावाल्यानं हाक मारली, "काहून मास्तर, पगार न्हाई का झाला?"

"झाला की," सर अंगरखा पसरून म्हणाले. "हा काय, पगारच अंगावर हाय."

सगळा बाजार हसला. सरही हसले. दुसऱ्या बाजारापर्यंत मात्र लोकांचं हसणं बदललं होतं. मुलं त्यांच्याभोवती गोळा व्हायची आणि अंगावरचे कागद ओळखायची. हे आमच्यात बी आणतात, हे आमची आई घेते. किराणा दुकानदार त्यांना बघून आत जायला लागला. सातवीतल्या तीन मुली एका सकाळी दप्तरातून आपापल्या घरचा केर घेऊन आल्या. त्या दिवशी जेवताना सर माझ्याशी इतकं बोलले की भाजी गार झाली.

आता मला माझं सांगायला हवं.

मी गुटखा खायचो. कॉलेजात लागलेली सवय. सर संध्याकाळी फिरायला गेले की मी खिडकीशी उभा राहून पुडी फोडायचो आणि रिकामी पुडी खाली सोडून द्यायचो. आमची भिंत आणि गोदामाची भिंत यांच्यामध्ये हातभर रुंदीची बोळ होती. तिथं कुणी जात नसे. नंतर बडीशेप खायची, चूळ भरायची. एका खोलीत राहणाऱ्या माणसाला तीन वर्षांत वास आला नसेल, असं मी मानून चाललो होतो. शाळेत मी व्यसनमुक्ती समितीचा प्रमुख होतो. मुलांना रांगेत उभं करून हात पुढे करायला लावून शपथ मीच द्यायचो.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी सर बोळीत शिरले. खोलीचा केर म्हणजे खोलीच्या मागचाही, असं त्यांना वाटलं असावं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात टोपली होती आणि टोपली चंदेरी पुड्यांनी भरलेली होती.

"कदम सर, हे खिडकीखाली सापडलं."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. वर बघितलं नाही. "रस्त्यावरून उडून आलं असेल."

"उडून आलेलं पांगतं. हे एका जागी ढीग लागून होतं."

मी पान उलटलं. ते थोडा वेळ दारात थांबले. मला बोलायला त्यांनी तेवढी जागा दिली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मग ते ओट्यावर बसले आणि एकेक पुडी धुऊन, पुसून अंगरख्याच्या छातीवर शिवू लागले. ओळीनं, माशाच्या खवल्यांसारख्या. दुपारच्या उन्हात ती छाती झळकत होती. अंगरख्याचा तो सगळ्यात सुंदर भाग होता, असं मला आजही वाटतं, आणि वाटलं की लाज वाटते.

सोमवारी ते तसेच शाळेत आले. दुपारपर्यंत गावभर झालं की ड्राइंगचे मास्तर गुटखा खातात, तोही एवढा. संस्थेचे सचिव आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत सरांना बोलावलं आणि व्यसनमुक्ती प्रमुख म्हणून मलाही.

"ह्या पुड्या कुणाच्या?" सचिवांनी विचारलं.

"माझ्या खोलीतल्या," सर म्हणाले.

"म्हणजे तुम्ही खाता?"

"खोलीतल्या हायेत. एवढंच सांगता येते."

"कदम, तुम्ही यांच्याबरोबर राहता. काय ते लिहून द्या."

मी अजून कायम झालो नव्हतो. माझ्या मान्यतेचे कागद त्याच सचिवांच्या सहीसाठी टेबलावर पडलेले होते. मी लिहिलं, 'श्री. तांदळे यांना गुटखा खाताना मी कधीही पाहिलेले नाही.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. वाक्य लिहून मी कागद सरकवला तेव्हा सरांनी तो वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वस्तू टाकून देण्याआधी बघायचे, तसं.

अंगरखा घालून शाळेत यायचं नाही, असा आदेश निघाला. सरांनी बिनपगारी रजा टाकली आणि उरलेले दिवस अंगरखा घालून गावात फिरले. आता मुलं जवळ येत नव्हती, आया ओढून नेत होत्या. त्या तीन मुलींपैकी एकीच्या बापानं भर रस्त्यात त्यांना ऐकवलं, "आधी सोताचं तोंड धुवा मास्तर, मंग आमच्या घरचा केर बघा." सर पुढे चालू लागले. खोलीत आम्ही पूर्वीसारखेच जेवत होतो. ते मला भाजी वाढायचे आणि मी खायचो.

पाचव्या बाजाराच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "उद्या उतरवायचं. बापासारखं. खाली चादर टाकून एकेक वस्तू मांडतो अन् ही कुठली ते सांगतो. तुमी पण या."

"मी कशाला?"

"तुमच्या वस्तूंचं तुमी सांगा. गोळ्यांचं पाकीट, वहीचे पुठ्ठे. जे जे तुमचं असंल ते. दोघांनी सांगितलं की सोंग पुरं झालं."

मी येतो म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मान्यतेच्या कामाचं निमित्त करून परभणीला गेलो. काम नव्हतं. दिवसभर स्टँडवर बसून राहिलो.

बाजारात काय झालं ते मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. सरांनी तोंड धुतलं, चादर पसरली, अंगरखा उसवायला घेतला. एकेक वस्तू मांडत सांगत गेले. हा साबण अमुक दिवशी आणला, इतके दिवस पुरला. लोक ऐकत होते, मधूनमधून हसतही होते. मग पुड्यांची पाळी आली. सर म्हणाले, "याचं सांगणारे यायचेत." आणि बसून राहिले. लोक थोडा वेळ थांबले, मग पांगले. कुणी म्हणालं, लाज वाटली असंल. बाजार उठला, गाड्या जुंपल्या, तरी ते त्या पुड्यांपाशी बसलेलेच होते.

"कोन यायचं होतं वो सर?" शिपायानं मला विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणालो.

महिन्याभरात संस्थेनं त्यांची बदली डोंगरकड्याला केली. लोक म्हणाले, बरं झालं, घरी गेले. मीही स्वतःला तेच सांगितलं. जाताना त्यांनी स्टोव्ह माझ्यासाठी ठेवला. "पिन मारत चला, न्हाई तर काजळी धरतो," एवढंच म्हणाले. मी कायम झालो. लग्न झालं. गुटखा सुटायला आणखी चार वर्षं लागली. डोंगरकडा काही लांब नाही. पण मी गेलो नाही. दर दिवाळीला जायचं ठरवायचो.

आठ वर्षांनी बातमी आली. शाळेतून घरी येऊन पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. हृदयाचा झटका. आमच्या शाळेत शोकसभा झाली. मी त्यांच्या कलेवर बोललो, चांगलं बोललो. खाली बसताना मागच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच म्हणालं, "गुटखा कुणाला सोडतो का?" दोन-तीन जणांनी मान हलवली. मी पुन्हा उठू शकलो असतो. नाही उठलो.

त्या रविवारी मात्र दोन बस बदलून डोंगरकड्याला गेलो. केळीच्या बागेला लागून घर होतं. वहिनींना मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं. त्यांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी भिंतीवरच्या फोटोकडे न बघता सगळं सांगितलं. बोळ, पुड्या, तो कागद, परभणीचा स्टँड. वहिनी पदराचं टोक धरून ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "भाऊजी, आठ वर्षं मी त्यांच्या तोंडाचा वास घेत होते."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"शाळेतून आले की आधी जवळ जाऊन बघायची. वास यायचा न्हाई, तर म्हनायची, धुऊन आले असतील. किती भांडले. ते म्हनायचे, खोलीतल्या होत्या. बस. तुमचं नाव एकदा बी न्हाई घेतलं."

"वहिनी, मी…"

"ते असताना काहून न्हाई आलात?"

मी मान खाली घातली. त्यांनी कोनाड्यातून मोबाइल काढला, डोळ्यांजवळ धरून बटणं दाबली.

"पोरगी नांदेडला नर्स हाय. बापाशी चार वर्षं नीट बोलत नव्हती. मीच शिकवलं तिला तसं." फोन त्यांनी माझ्यापुढे धरला. "मला सांगून काय उपेग? तिला सांगा."

पलीकडून आवाज आला, "हां आई, बोल."

मी म्हणालो, "मी कदम बोलतोय. जवळा बाजारला तुझ्या वडिलांबरोबर राहायचो." आणि पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी जास्त वेळ लागला. फोन चालू आहे की बंद पडला, हे मध्ये कळत नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "आईला द्या."

मी फोन दिला. वहिनी ऐकत होत्या. "व्हय. … व्हय गं. तेच ते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई, चहा न्हाई पाजला अजून."

फोन ठेवून त्या तिथेच बसल्या. उठून चहा ठेवला नाही, आणि जा असंही म्हणाल्या नाहीत. मीही उठलो नाही. बाहेर कुणीतरी केळीचे घड उतरवत होतं, त्याचा आवाज येत राहिला.