सोबत आधारची झेरॉक्स

"विचारून राह्यले," असं ती म्हणायची आणि हातातले कागद टेबलावर उभे आपटून त्यांच्या कडा जुळवायची. मग त्यांच्यावर एक चपटा दगड ठेवायची. "जवाब न्हाई आला अजून. पण विचारून राह्यले."

हे विचारणं कोणाला चाललंय, असं तुम्हाला वाटेल. देवाला. आणि ते कागद म्हणजे लोकांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स.

ती डेन्मार्कची, वय तेवीस. एका मिशनतर्फे वर्षभर सेवा करायला ती अंबडजवळच्या आमच्या लहानशा दवाखान्यात आली होती. गुडघे, कंबर, खांदे यांचे व्यायाम करून घेणं हे तिचं काम. ती नर्स नव्हती, नन तर नव्हतीच. पण गोरी आणि वर दवाखान्यात, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत.

मी तिची दुभाषी. इंग्रजी शाळेत शिकून, पदवी घेऊन मी घरी बसले होते. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझं एकही वाक्य पूर्ण होत नाही. पण दुसऱ्याच्या गुडघ्याबद्दल बोलायला मला कधीच अडचण आली नाही. बोलणं त्याचं असतं, आपण मागे लपून राहू शकतो.

तिनं मराठी दवाखान्यातल्या बायकांकडून उचलली आणि माझी राहिली पुस्तकी. तीन महिन्यांत बायका मलाच म्हणू लागल्या, "सिस्टरचं समजतंय बराबर. तुमचंच जरा अवघड जातं."

पहिला कागद गयाबाईंचा. सत्तरीच्या असतील. दोन्ही गुडघे आणि एक जीभ, यांतलं फक्त एकच नीट चालत होतं. व्यायाम झाल्यावर सिस्टर प्रत्येकाला विचारायची, तुमच्यासाठी प्रार्थना करू का? नको म्हटलं तर हसून पुढच्या माणसाकडे वळायची. गयाबाईंची हरकत नव्हती.

"कर की. आमचा राजूरचा गणपती बघून राह्यलाच हाये, तुझ्याला बी बघू दे." मग त्यांना शंका आली. "पण त्याला कळंल कसं, कोणती गयाबाई? आमच्या गल्लीत तीन हायेत. एकीचे गुडघे बिलकुल चांगले हायेत. तिलाच आणखी चांगले देऊन बसायचा."

मी हे भाषांतर करून सांगितलं. तिनं गंभीरपणे विचार केला आणि म्हणाली, शंका रास्त आहे. दुसऱ्या दिवशी गयाबाई आधारची झेरॉक्स घेऊन आल्या. त्यात चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग होता, पण नंबर स्पष्ट होता. तिनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

त्यानंतर जे झालं ते आपल्याकडे दुसरं काय होणार? दोन आठवड्यांत दवाखान्यात झेरॉक्सची चळत लागली. एकानं विहिरीला पाणी लागावं म्हणून सातबारा आणला, वर गट नंबरला लाल पेनानं गोल केलेला. एका बाईंची म्हैस गाभण राहत नव्हती. त्यांनी म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून आणला, सोबत दोन पासपोर्ट फोटो. फोटो बाईंचेच होते. म्हैस स्टुडिओत यायला तयार नव्हती.

प्रार्थना ती डॅनिशमध्ये करायची. बाकावर बसलेल्या बायका डोळे मिटून लक्षपूर्वक ऐकायच्या. त्या अनोळखी भाषेतून मध्येच "गट नंबर एकशे बेचाळीस" असं यायचं, की एक मान समाधानानं हलायची. आमेन झालं की एखादी हटकून म्हणायची, "सिस्टर, आमच्या म्हशीचं राह्यलं." मग ती पुन्हा डोळे मिटायची.

महिन्याभरानं गयाबाईंनी सिस्टरकडे चौकशी केली. "काय झालं माझ्या कागदाचं?"

"सांगितलं मी देवाला."

"किती डाव?"

"एकदा."

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चूक माझीच असल्यासारखं. "एकदा? अगं पोरी, रेशन कार्डावर सुनेचं नाव चढवायला मी तहसीलात सात चकरा मारल्या. अन तू एकडाव सांगून घरी बसली व्हय? सकाळी जात जा, ऑफिस उघडायच्या टाइमाला. जेवणाच्या सुट्टीत जाऊ नको, कोणी भेटत न्हाई."

मी हसू दाबत भाषांतर केलं. तिला हसू आलं नाही. दुपारी डबा खाताना ती मला इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे एकच गोष्ट दुसऱ्यांदा मागणं असभ्य समजतात. मी लहानपणापासून देवाला सगळं एकदाच, सभ्यपणे सांगत आले. आज कळलं, ती सभ्यता नव्हती. उत्तर येईल असं मला वाटतच नव्हतं." थोडा वेळ ती पोळीचा तुकडा नुसता फिरवत बसली. "आणि मी इतक्या लांब लोकांना श्रद्धा द्यायला आले!"

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाला ती व्हरांड्यातल्या बाकावर कागद घेऊन बसू लागली. एकेक कागद वर घ्यायचा, नाव वाचायचं, मागायचं, खाली ठेवायचा. काही दिवस चेहरा अगदी तहसीलातून परतलेल्या माणसासारखा असायचा. तरी दुसऱ्या दिवशी दहाला हजर. गयाबाई एकदा म्हणाल्या, "ह्यात तुझा कागद कुठाय?" ती म्हणाली, "माझा नको." मला वाटतं, ती घाबरत होती. दुसऱ्याचं मागणं नाकारलं गेलं तर सोसता येतं. हे मला दुभाषी म्हणून चांगलं ठाऊक होतं.

एका सोमवारी कागद लावताना चळतीत मला माझाच फोटो दिसला. निळी साडी, मागे स्टुडिओतला रंगवलेला धबधबा. खाली बायोडाटा: वर्ण गव्हाळ, स्वभाव शांत, मनमिळाऊ. त्याला एका मुलाचा बायोडाटा टाचलेला आणि वर आईच्या अक्षरात, "रविवारी पाहायला येणार आहेत. होकार यावा." मी बँकेत गेले असताना आई येऊन गेली होती.

घरी या स्थळाबद्दल मी काहीच बोलले नव्हते. मी कशाबद्दलच बोलत नाही, आणि आमच्या घरी गप्प राहणं म्हणजे होकार. हैदराबादला भाषांतराच्या अभ्यासक्रमासाठी मी फॉर्म भरला होता, माझं नाव यादीत लागलं होतं, हे तर कोणालाच माहीत नव्हतं.

"हा कागद काढून टाक," मी तिला म्हटलं.

"कसा काढू? तुझ्या आईनं दिला आहे."

"मग माझाही घे." मी तिथंच लिहिलं, "नकार यावा. हैदराबादला जाता यावं."

तिनं तो वाचला, उलटून पाहिला आणि विचारलं, "झेरॉक्स?"

थट्टा नव्हती ती. मी रस्त्यापलीकडे जाऊन स्वतःच्या आधारची झेरॉक्स काढून आणली.

मंगळवारी दहाला ती दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसली. डॅनिशमध्ये माझं नाव आलं, आईचं आलं, पुन्हा माझं आलं. बराच वेळ गेला. मग तिनं डोळे उघडले.

"जवाब आला."

इतक्या महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. "काय आला?"

"एका घरातून दोन अर्ज आलेत. दोन्ही परत. अगोदर घरात बोला म्हणे."

"असं खरंच म्हणाला देव?"

ती कानापर्यंत लाल झाली. "शब्द न्हाई आले. पण पक्कं वाटून राह्यलं." आणि मग हळूच इंग्रजीत, "असं कोणाला सांगायची माझी ही पहिलीच वेळ. चुकलं असेल तर?"

तिला खोटं पाडायचं नाही, एवढ्याच कारणासाठी मी त्या संध्याकाळी आईपुढे उभी राहिले. आई भेंड्या चिरत होती. मी सगळं सांगितलं, हैदराबादसकट. पूर्ण वाक्यांत. माझ्याच तोंडातून, माझं.

आईचा विळीवरचा हात थांबला. "त्या परदेशी पोरीला लिहून दिलं, अन मला सांगायला तोंड न्हाई व्हय?"

"तूही तिलाच लिहून दिलंस."

उरलेल्या भेंड्या आईनं अशा चिरल्या की त्या रात्री भाजीत एकही तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता. पण बुधवारी तिनं पाहुण्यांना येऊ नका म्हणून फोन केला, आणि गुरुवारी स्वतः दवाखान्यात जाऊन जुना कागद मागे घेतला. नवा दिला: "हैदराबादला मेस चांगली मिळावी." सोबत झेरॉक्स.

सिस्टरचं वर्ष संपलं तेव्हा ती घरोघरी जाऊन सगळे कागद परत करून आली. प्रत्येकावर पेनानं शेरा. काहींवर "झालं", पुष्कळांवर "चालू आहे". म्हशीवर "झालं" होतं. गयाबाईंनी मात्र आपला कागद घेतला नाही. "चालू हाये तर परत कामून देऊन राह्यली? घेऊन जा." म्हणून आज डेन्मार्कच्या कुठल्याशा गावात गयाबाईंच्या आधारची झेरॉक्स आहे.

पुढच्या आठवड्यात मी हैदराबादला निघणार. काल सकाळी गयाबाई लंगडत दवाखान्यात आल्या. बाक रिकामा होता, दगड टेबलावर तसाच होता.

"तिचं आधार हाये का तुझ्याकडं?" त्यांनी मला विचारलं.

"तिचं कुठून असणार, मावशी?"

"मंग फोटो दे. ती पोरगी साऱ्या गावाचं मागून गेली, तिचं कोणी मागून राह्यलं का?"

मोबाइलमध्ये तिचा एकच बरा फोटो होता, म्हशीबरोबर काढलेला. तो मी छापून आणला. सिस्टर कोणती ते देवाला कळावं म्हणून गयाबाईंनी माझ्याकडून तिच्या डोक्यावर बाणाची खूण करून घेतली आणि कागद दगडाखाली सरकवला.

"काय मागायचं?" मी विचारलं.

"तिकडं तिला बरी हायेस का म्हणून कोणी दुसऱ्यांदा विचारणारं हाये का, ते बघ म्हणावं."

दहा वाजले होते. माझा कशावर किती विश्वास आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी बाकावर बसले आणि डोळे मिटले. भाषांतराला समोर कोणीच नव्हतं. थोड्या वेळानं शेजारून गयाबाईंनी कोपरानं ढोसलं.

"काय म्हणतो?"

"जवाब न्हाई आला अजून," मी म्हटलं. "विचारून राह्यले."