गुरुशांतप्पा एका पायावर

त्या खोलीचं दार उघडलं की आधी वास अंगावर यायचा. ओल्या घोंगडीचा, आंबलेल्या टॉवेलांचा, आणि वर कुणीतरी फवारलेल्या लिंबाच्या सुगंधाचा. नाटक कंपनीत मी उमेदीची वर्षं घालवली. पाच जणांनी पाच गावांत घातलेले, कधीच न धुतलेले मखमली अंगरखे मी घातलेत. तागाच्या दाढ्या तोंडाला चिकटवून रात्ररात्र पल्लेदार भाषणं ठोकलीत. ते वास आठवले की आजही माझं मन भरून येतं. ह्या वासाला मात्र मी दारातच नाक दाबलं.

बिदरच्या नौबाद भागात, फरशीच्या दुकानावरच्या मजल्यावर सुधारानी नावाची मुलगी गरम खोलीतला योग शिकवते. हैदराबादेत शिकून आलेली, हसतमुख आणि कडक. आम्ही गेलो तेव्हा भर वैशाख होता. खाली दुकानातली माणसं कूलरपुढून हलत नव्हती. वर खिडक्या बंद, भिंतींवर लाल झालेले हीटर, पायाखाली गालिचा, समोर भिंतभर आरसा, आणि त्या आरशापुढं दाटीवाटीनं उभी राहून निथळणारी माणसं. आमच्याकडं ऊन फुकट पडतं. ते दार लावून, वीज जाळून पुन्हा बनवायचं, ही कल्पनाच मला शिळ्या अन्नासारखी वाटली.

गुरुशांतप्पा दारातच थबकला. म्हणाला, "अण्णा, हे तर माणसाला शिजवायलेत."

"तुला शिजायला सांगितलंय डॉक्टरनं," मी म्हणालो. "चल आत."

गुरुशांतप्पा माझ्या गावचा. भालकीच्या वाटेवर आमचं गाव आहे. त्याचं नौबादला बियाणांचं दुकान, मी निवृत्तीनंतर त्याच्याच गल्लीत राहायला आलेला. माणूस साठीला टेकलेला, पोट थोडं पुढं, बोलणं कमी. दुकानात तो कुणाच्या लक्षातही यायचा नाही. पण गावच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, तोच माणूस सगळ्या गावापेक्षा उंच व्हायचा. कारण नंदीकोल त्याच्या घराकडं होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नंदीकोल म्हणजे घराच्या माळवदाहून उंच जाणारा जाड बांबू. त्याला पितळी पत्रे जडवलेले, शेंड्याला कळस आणि निशाण, आणि गाव त्याला देवच मानतं. कमरेला जाड पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या खोबणीत बांबूचा बुडखा ठेवायचा आणि एकट्या माणसानं तो उभाच्या उभा तोलत मिरवणुकीत न्यायचा. शेंड्यापासून चार दोऱ्या सुटलेल्या असतात. त्या धरणारी माणसं असतात, पण दोरी ताणायची वेळ आली तर नेणाऱ्याची लाज गेली असं गाव समजतं.

गेल्या जत्रेत ती वेळ आली. त्याच्या कानात काही बिघाड झाला होता. मान वर करून शेंड्याकडं पाहिलं आणि आभाळ फिरलं. दोऱ्या ताणाव्या लागल्या. जत्रा कमिटीचे प्रमुख भगवानराव पाटील यांनी पुढं निकाल दिला: येत्या आषाढी अमावस्येला देवळापुढं नंदीकोल उचलून दाखवायचा. तोल राहिला तर मान गुरुशांतप्पाकडं, नाहीतर चुलतभावाच्या मुलाकडं, संगमेशकडं.

गुरुशांतप्पाला दोन मुलीच. मान एकदा संगमेशच्या घरात गेला की परत येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. संगमेश खोदाईच्या मशीनची कंत्राटं घेतो. दणकट गडी, पण तोंडात कायम गुटखा. "त्या तोंडानं तो देवाखाली उभा राहणार," गुरुशांतप्पा म्हणायचा आणि त्याचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा व्हायचा.

कान बरा झाला, पण तोल सैल पडला. डॉक्टरांनी तोलाचा व्यायाम सांगितला, आणि थोरल्या मुलीनं, मल्लेश्वरीनं, वडिलांचं नाव ह्या गरम खोलीत घातलं. तो मला म्हणाला, "तू संगं चल. न्हाई तर मी जिन्यावरूनच पळून येईन." म्हणून मी दाराजवळच्या बाकावर नाकाला रुमाल लावून बसू लागलो.

पहिलाच तंटा गळ्यावरून झाला. सुधारानी म्हणाली, "अप्पा, गळ्यातलं काढून ठेवा. धातू तापतो, भाजंल."

"हे काढत न्हाईत, बाई. इष्टलिंग हाय."

"तसं व्हय. चुकलं माझं. मग सांभाळून करा."

सांभाळायचं कसं? एक पाय मागून वर उचलायचा, त्याच बाजूच्या हातानं त्याचा घोटा धरायचा, दुसरा हात पुढं आणि सगळं अंग पुढं झुकवायचं. ह्याला दंडायमान धनुरासन म्हणतात. गुरुशांतप्पा झुकला तशी गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी झोका घेऊन त्याच्या दातांवर आपटली. तो सावरायला गेला, तर घामानं निसरडा झालेला घोटा हातातून सुटला आणि तो शेजारच्या एका अनोळखी माणसाच्या उघड्या, ओल्या पाठीवर जाऊन चिकटला. त्या माणसानं "असू द्या, असू द्या" म्हणत आपल्याच टॉवेलनं गुरुशांतप्पाचं तोंड पुसलं. गुरुशांतप्पा तसाच चालत मोरीकडं गेला. तो आत किती वेळ खाकरत होता ते सगळ्या वर्गानं ऐकलं.

घरी जाताना म्हणाला, "अण्णा, लोकाचा घाम माझ्या ओठाला लागला. मी आता पूजेला कसा बसू?"

"आंघोळ करून बस."

"दोनदा करतो."

दुसऱ्या दिवशी डबी फडक्यात गुंडाळून दंडाला बांधून आला. मला वाटलं होतं, येणार नाही. आला, आणि किळस तोंडावर उघडी ठेवून रोज येत राहिला. गालिच्यावर पाऊल टाकलं की खालून ओल वर यायची. तेव्हा तो पायाची बोटं अशी आखडून घ्यायचा की जणू शेणात पाय पडलाय. कुणी केस झटकले की आरशावर थेंब उडायचे. समोर लोकांचे अंगठे, वाढलेली नखं, काखा. सुधारानी सगळ्यांमधून फिरत सांगायची, "गुडघा कुलूप लावल्यासारखा ताठ. आरशात आपल्याच डोळ्यांत बघा. हलायचं न्हाई. अप्पा, श्वास कामून कोंडायलात?"

"घ्यावा वाटना, बाई."

वर्ग हसला. तीही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याची जागा खिडकीच्या फटीजवळ केली, हे मी पाहिलं.

एका जागी न हलता उभं राहणं किती अवघड, हे मला कुणी सांगायला नको. एकदा नाटकात शेवटच्या प्रवेशाला मी कृष्ण होऊन पायावर पाय टाकून उभा होतो आणि पडदा वरच अडकला होता. प्रेक्षक टाळ्या वाजवून थांबले, तरी मला हलता येत नव्हतं. पिंडरीत मुंग्या, कपाळावरून रंग ओघळतोय, ओठांवर मुरली आणि हसू. तो पडदा खाली येईपर्यंत मी देव राहिलो. म्हणून गुरुशांतप्पाची पोटरी थरथरताना दिसली की माझीही थरथरायची.

गावात ही गोष्ट पोहोचायला वेळ लागला नाही. आम्ही गेलो की पारावरची मंडळी एक पाय उचलायची.

"काय अप्पा, बगळा झालात म्हणं. मासा घावला का न्हाई?"

"मासा न्हाई. तुझ्यासारखे बेडूक लई हायत तिथं," गुरुशांतप्पा म्हणायचा आणि पुढं व्हायचा. पण परतताना बसमध्ये बसल्यावर तोंड खिडकीकडं करायचा. त्याला त्या खोलीची किळस होती, ह्या हसण्याची होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या लटपटणाऱ्या पायाची होती.

ज्येष्ठ सरत आला तसा तो पाय शांत झाला. वृक्षासनात हात जोडून तो असा उभा राहू लागला की सुधारानी नव्या लोकांना म्हणायची, "अप्पांकडं बघा." मग तिनं त्याला छताकडं पाहून उभं राहायला लावलं. तिथं ओल धरून पिवळे डाग पडलेले होते, तो त्यांनाही नाक मुरडायचा, पण मान वर करून स्थिर राहायचा. आभाळ फिरणं संपलं होतं. मल्लेश्वरीनं पेढे आणले. त्यानं वर्गात वाटले, फक्त स्वतः त्या खोलीत एकही खाल्ला नाही.

अमावस्येला देवळापुढं गाव जमलं. पाऊस उघडला होता. चौघांनी नंदीकोल उभा केला, बुडखा गुरुशांतप्पाच्या पट्ट्यात बसवला आणि बाजूला झाले. तो ताठ उभा राहिला. गुडघे सरळ, नजर शेंड्यावर, श्वास सावकाश. तरुणपणीही मी त्याला इतका देखणा उभा पाहिला नव्हता. नागव्वा, त्याची थोरली बहीण, देवळाच्या पायरीवरून हात जोडून बघत होती.

मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि शेंडा किंचित दीपमाळेकडं कलला. तो नेहमीच कलतो. गुरुशांतप्पा हलला नाही. शेंडा आणखी झुकला. तरी तो देवळाच्या खांबासारखा तिथंच. दोऱ्या धरणारे ओरडले, दोऱ्या ताणल्या, नंदीकोल दीपमाळेला घासत खाली आला आणि त्याच्याबरोबर गुरुशांतप्पा चिखलात बसला. एक पितळी पत्रा वाकला.

भगवानराव पुढं आले. "चक्कर आली का?"

"न्हाई आली."

"मग पडलास कसा?"

गुरुशांतप्पानं स्वतःच्या पायांकडं पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढा घाम गाळून काय उपेग झाला?"

मी म्हणालो, "पाटील, चक्कर आलेल्या माणसाचे गुडघे आधी जातात. रंगमंचावर चक्कर येऊन पडायचं सोंग मी कितीदा वठवलंय. ह्याचे गुडघे शेवटपर्यंत ताठ होते."

"अण्णा, तुमचं नाटक इथं नगं," भगवानराव म्हणाले. "संगमेश, बांध पट्टा."

संगमेशनं बाजूला जाऊन पिचकारी मारली, बाहीला तोंड पुसलं आणि आला. गुरुशांतप्पानं मान फिरवली. त्याला उलटी होईल की काय असं मला वाटलं. नागव्वानं पदरानं त्याच्या हाताचा चिखल पुसायला घेतला, तर त्यानं हात ओढून घेतला.

नंदीकोल संगमेशच्या पट्ट्यात बसला. त्यानं बांबूला चोर पकडल्यासारखी मिठी मारली आणि पाय रोवून उभा राहिला. शेंडा कलू लागला. संगमेशच्या मानेच्या शिरा फुगल्या, तो जोर लावून बांबू मागं ओढू बघत होता.

गुरुशांतप्पानं नकळत तिकडं पाहिलं आणि बसल्या जागेवरून ओरडला, "आरं, उभा कामून राहायलास? जोर नको लावू. त्याच्या खाली जा. तो जिकडं जायलाय तिकडं पाय घाल."

संगमेशनं दोन पावलं टाकली. शेंडा सरळ झाला.

"तसं. आता थांबू नको. बारीक बारीक पाय हलव. थांबलास की गेला."

एवढं बोलला. माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर अशी शिसारी मी त्या गरम खोलीतही पाहिली नव्हती. ती आता स्वतःचीच होती.

"अण्णा," तो हळू म्हणाला, "मी हललोच न्हाई की रे. ती पोरगी रोज सांगती, हलू नगा. तिचं तिथं खरं हाय. मी ते इथं घेऊन आलो."

तो उठला. "भगवानराव, आणखी एक डाव द्या."

"एकदा झालं ते झालं, गुरुशांता. सारखं सारखं देवाला पाडायचं का?"

"पाटील," बांबूखालून संगमेश कण्हला, "काय ठरवायचं ते बिगी ठरवा. माझी कंबर जायलीय."

लोक हसले. चौघांनी धावत जाऊन बांबू हातांवर घेतला, आणि संगमेशनं पाटलांच्या निकालाची वाट न पाहता पट्टा सोडून गुरुशांतप्पाच्या कमरेला गुंडाळला. "तुम्हीच बघा काका. मी दोरी धरतो."

भगवानराव दोन पावलं मागं सरले. नंदीकोल पुन्हा उभा राहिला. ह्या वेळी गुरुशांतप्पाचे गुडघे सैल होते. शेंडा डावीकडं गेला की तो डावीकडं, मागं आला की मागं, चिखलात बारीक पावलं टाकत. मान वर, आभाळ जागच्या जागी. त्यानं देवळाला पूर्ण फेरी घातली आणि एकाही दोरीला ताण पडला नाही. नागव्वा पायरीवर रडत होती.

पाटलांना आपला शब्दही राखायचा होता. बराच वेळ मिशीवरून हात फिरवून ते म्हणाले, "वेशीपासून चौकापर्यंत गुरुशांत. चौकापासून देवळापर्यंत संगमेश. दोघांचा मान."

"मान म्हंजे भाकर हाय का, मोडून वाटायला?" गुरुशांतप्पा रस्ताभर कुरकुरत राहिला. चार दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं संगमेशला निरोप धाडला, की खळ्यावर ये, शिकवतो, पण तोंड रिकामं ठेवून ये. संगमेश आला. पहिल्या दिवशी तोंड धुऊन, नंतर खरंच रिकामं ठेवून. गुरुशांतप्पाचा सकाळचा वर्गही सुटला नाही. सुधारानीला त्यानं सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला आधी सांगायचं न्हाई का, अप्पा? हलतं वजन असतंय ते." तेव्हा तो म्हणाला, "मलाच कुठं ठावं होतं, बाई. माझे पाय आपलेआप चालायचे."

जत्रेच्या सोमवारी त्यानं नंदीकोल वेशीतून उचलला आणि हलग्यांच्या कडकडाटात चौकात आणला. गुलाल, धूर, माणसांच्या घामाचे लोट. चौकात चौघांनी बांबू हातांवर घेतला आणि पट्टा सोडून संगमेशला दिला.

"काका, पट्टा सगळा भिजलाय की तुमच्या घामानं."

"बांध गुमान. देव थांबलाय."

संगमेशनं तोंड वाकडं करून पट्टा बांधला आणि नंदीकोल उचलला. शेंडा थोडा डळमळला, मग त्याची पावलं सुरू झाली. गुरुशांतप्पा बाजूला मोकळा उभा होता, पण त्याचे पाय थांबले नव्हते. डावीकडं एक, मागं एक, जणू बांबू अजून कमरेवरच होता. मला वाटलं, पडेल. मी कोपर धरायला गेलो.

"धरू नको, अण्णा," तो वर शेंड्याकडं पाहतच म्हणाला. "त्याला उजवीकडं जायला सांग. उजवीकडं."

मी सगळा आवाज लावून संगमेशला ओरडून सांगितलं, आणि तो उजवीकडं गेला.