दुसरा भोंगा

काळे कपडे घालून अंधारात नाचायला लोक पुण्याहून चंद्रपूरला आले, याचंच मला आधी हसू यायला हवं होतं. पण या संगीताचं मला हॉस्टेलपासून वेड. लोखंडावर लोखंड आपटल्याचा ठेका, यंत्रांची घरघर, त्यात कुणीतरी घसा फाडून ओरडतंय. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून आल्यावर मला तेच बरं वाटायचं. नागपूर रोडवरच्या एका हॉटेलच्या तळघरात तशी पार्टी आहे असं कळलं, आणि मी ताईलाही ओढत नेलं.

ताईचं सासर कोळशाच्या खुल्या खाणीला लागून आहे. मागच्या वर्षी खाणीतल्या स्फोटाच्या हादऱ्यानं तिच्या स्वयंपाकघराची भिंत पडली. सासू थोडक्यात वाचली. खाणीचे साहेब बघून गेले आणि म्हणाले, भिंत जुनीच होती. त्या दिवसापासून ताईचं हसणं गेलं. मला तिला एक संध्याकाळ खिदळताना बघायचं होतं, बस, एवढंच.

मी तिचे ओठ काळे रंगवले. आरशात बघून ती म्हणाली, "लाली काऊन वाया घालवून राह्यली? माह्या दोरीवरच्या टॉवेलनं तोंड पुसलं असतं तं फुकटात काळी झाली असती."

आत धूर, लाल दिवे, गळ्यात साखळ्या. एकानं तर चक्क गॅस मास्क घातला होता. "याले आमच्या गावात पाठव, तिथी कामात येईन," ताई माझ्या कानात ओरडली आणि स्वतःच हसत सुटली. मग तिनं चपला कोपऱ्यात काढून ठेवल्या आणि नाचायला लागली. नवरात्रात नाचायची तशी, दोन्ही हात वर करून. मला भरून आलं.

तेवढ्यात डीजेनं माईकवर सांगितलं की पुढच्या तुकड्यातले आवाज त्यानं याच जिल्ह्यातल्या खाणीजवळ रेकॉर्ड केलेत. टाळ्या पडल्या. आणि भोंगा वाजला.

ताईनं माझं मनगट धरलं आणि अनवाणीच जिना चढून मला बाहेर आणलं. पार्किंगच्या मधोमध, भिंतींपासून लांब उभं केलं. खाणीकाठच्या गावांत हेच करतात. पहिला भोंगा झाला की हातातलं काम टाकून, म्हातारी माणसं उचलून मोकळ्या जागेत यायचं. स्फोट होतो. मग दुसरा भोंगा होईपर्यंत कुणी घरात पाय ठेवत नाही.

मागोमाग तिघंचौघं मोबाईल धरून आले. "हा शोचाच भाग आहे का?" एकीनं हसत विचारलं. मी तिला काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

"ताई, गाणं होतं ते."

"मले समजते वं. पायाले नाई समजत." ती म्हणाली. "तू जाय आत. दुसरा भोंगा झाल्याबिगर मी नाई येत."

माझं डोकं फिरलं. आत जाऊन मी डीजेला म्हटलं, दुसरा भोंगा लाव. तो आधी गोंधळला, मग त्याला आठवलं. "हां, तो शेवटचा ना? एकदम सपाट होता, काही ड्रामाच नव्हता. मी कापून टाकला."

"अरे, तोच तर घरात जायचा भोंगा आहे!"

त्यानं खांदे उडवले. भीती तेवढी उचलून आणली होती त्यानं, सुटका रटाळ वाटली म्हणून फेकून दिली होती. आणि लोक त्यावर नाचत होते, डोळे मिटून. मला तो सगळा संच लाथेनं उडवावासा वाटला. मी ताईच्या चपला उचलल्या आणि बाहेर आले.

तिला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. तिनं ओढणीनं ओठ खसाखसा पुसले, चपला घातल्या.

"त्याले माह्या घरी जेवाले बलाव," ती म्हणाली. "दुपारचं, भोंग्याच्या टायमाले. स्वयंपाकघरात पाट मांडतो म्हणा त्याच्यासाठी. अन् पहिल्या भोंग्याले उठाचं नाई म्हणा, ताटावरून."

मी परत आत गेले, त्याच्यासमोरचा माईक उचलला आणि ताईचं आमंत्रण शब्दन् शब्द सगळ्या हॉलला दिलं, गावाच्या नावासकट.