दारातली फाइल

आखातातल्या आमच्या रुवीच्या ऑफिसात वसईच्या एक टायपिस्ट आंटी होत्या. पत्र टाइप झालं की ‘खलास’ म्हणून कागद ओढून काढायच्या, तेवढंच त्यांचं बोलणं. साहेबांच्या केबिनमध्ये डिक्टेशनला जाताना मात्र दारात एक जाडजूड फाइल अडकवून ठेवायच्या, दार मिटू नये म्हणून. ‘आंटी, एसी बाहेर चालला,’ असं आम्ही रोज चिडवायचो.

एकदा मुंबईहून आलेल्या पेपरात बातमी होती. हायकोर्टाचा जज म्हणून नाव पुढे आलेल्या एका वकिलानं पूर्वी आपल्यावर बळजबरी केली होती, असं त्याच्या जुन्या सेक्रेटरीनं सांगितलं होतं. पॅन्ट्रीत चहा पिताना सगळे तिच्यावरच घसरले. मीही म्हणालो, "मग इतकी वर्षं गप्प का बसली?"

आंटी कप विसळत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझा पासपोर्ट कुठे असतो रे?"

"अर्बाबच्या तिजोरीत." मालक सगळ्यांचेच ठेवून घ्यायचा.

"मग त्याला उलट बोललास कधी?"

साहेबांची बेल वाजली. आंटींनी हात पुसले, फाइल उचलली आणि गेल्या. त्या दिवशी एसीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.