परबकाकांपुढचं गाऱ्हाणं

"काका, चालत नाही," असं मी म्हटलं, की परबकाका हातातलं काम थांबवायचे, खुर्ची माझ्याकडे वळवायचे आणि हात जोडून, डोळे मिटून म्हणायचे, "हां, घाल गाऱ्हाणा." आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात ते नावगावासकट. कोण आलंय, काय अडलंय, काय हवंय, सगळं मोठ्याने. आणि बाकीचे दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. काकांना अगदी तसंच लागे, आणि "होय म्हाराजा" ते स्वतःच म्हणत. कुठलं बटण दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि लाल अक्षरांत आलेला निरोप एक शब्द न गाळता. निम्म्या वेळा गाऱ्हाणं संपायच्या आतच माझी चूक मला दिसायची. मग काका डोळे उघडून निमूटपणे आपल्या कामाला लागायचे.

ओरोसच्या सरकारी कचेरीत संगणकावर नोकरी करून ते निवृत्त झाले आणि मालवणात एक खोली घेऊन वेबसाइट करायला बसले. घरगुती खोल्यांच्या आरक्षणाचा एक प्रोग्राम लिहून त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. कुणीही फुकट घ्यावा, सुधारावा. मी मसुऱ्याची, पदवी घेऊन त्यांच्याकडे लागले तेव्हा मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. काही बिघडलं की मी घाईने चार ठिकाणी हात घालायचे. "चार मसाले एकदम घातलंस," काका म्हणायचे, "आता कडू कशान झाला ता कसा कळतला?" एका वेळी एकच बदल, आणि लगेच चालवून बघायचं. बदलाची नोंद करताना काय केलं ते नको, कशासाठी केलं ते लिहायचं. नवी साइट तर ते आपल्या जुनाट फोनवर, घरामागच्या माडाखाली उभं राहून तपासायचे, कारण तिथे रेंज जेमतेम येई.

त्या वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेला मसुऱ्यात आमच्याच प्रोग्रामवरून खोल्या देणाऱ्या एका वहिनींच्या घरी एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं उतरली. दोघांच्याही फोनवर 'खोली आपल्यासाठी राखून ठेवली आहे' असा निरोप होता. एका कुटुंबातली म्हातारी आजी घरापुढच्या खळ्यात सामानावर बसून राहिली, आणि वहिनींना नको नको ते ऐकावं लागलं. खोली राखायचा तो भाग मी लिहिलेला होता. मी छातीठोकपणे म्हटलं, "नेटवर्क गेलं असणार." आमच्या जिल्ह्यात नेटवर्कवर खापर फोडलं की उलट कुणी विचारत नाही.

काकांनी हात जोडले. मी सुरुवात केली. माणूस बटण दाबतो, नोंद सर्व्हरकडे जाते, रेंज नसली तर नोंद होत नाही, मग... मी अडखळले. मग मी काहीच करत नव्हते. पडद्यावर लाल अक्षरं नकोत म्हणून मी ती चूक गिळून टाकली होती आणि पुढे 'खोली राखली' असं दाखवलं होतं. खोली मात्र दुसऱ्याला मोकळीच दिसत राहिली होती.

या वेळी काका "होय म्हाराजा" म्हणाले नाहीत. "बाय," ते म्हणाले, "चुकलामाकला पदरात घे, ह्या देवाक सांगूचा. प्रोग्रामान चूक पदरात घेतली, तर ती लोकांच्या दारात जाऊन उभी रवता."

दुरुस्ती तासाभराची होती. पण काका म्हणाले, हा प्रोग्राम आणखी कितीतरी जण वापरतात, त्यांना कळायला हवं. प्रोग्रामच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिही, तुझ्या नावाने. नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. हे वाचून मला पुढे कोण काम देणार? मी लिहिलं, पण त्यात नेटवर्क घुसवलंच. काकांनी तेवढं वाक्य खोडलं आणि बाकीचं तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते मला एसटीने मसुऱ्याला घेऊन गेले. वहिनींना मी सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

चार दिवसांनी कुठल्याशा परमुलखातल्या माणसाचं उत्तर आलं. त्याच्याकडेही तसंच घडत होतं आणि महिनाभर त्याला कारण सापडत नव्हतं. त्याने माझं नाव घेऊन आभार मानले होते. मी ते काकांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "बरा झाला. आता जेवूक जा."

पुढे काचबिंदूने काकांची नजर गेली. गेल्या पावसाळ्यात ते गेलेच. त्याआधी एकदा त्यांनी मला घरी बोलावलं आणि तो प्रोग्राम यापुढे तू सांभाळ म्हणाले. माझ्याहून हुशार मुलं त्यांच्या हाताखाली शिकली होती. मी तसं म्हटलंही.

"आसत," काका म्हणाले. "तुझो कोड माका अजून तितकोसो आवडना नाय. पण चूक झाली तर तू ती झाकूक जावचं नाय. बाकीचा शिकशीत."

"होय म्हाराजा," मी म्हटलं. त्यांना दिसत नव्हतं ते बरंच झालं, कारण मी रडत होते.